शिक्षकांसाठी वाचनाचा ऑनलाइन कोर्स काढताय? आधी हे वाचा



आपल्या वर्कशॉपला दर बॅचमध्ये दोन-तीन शिक्षिका असतातच. कुणी निवृत्त झालेल्या, कुणी नोकरी सोडून घरी शिकवणी घेणाऱ्या. आणि त्यांचं म्हणणं साधारण सारखंच असतं. "मॅडम, पंचवीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय. मुलांना वाचायला कसं शिकवायचं, याचा शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स काढते. एकदा रेकॉर्ड करून ठेवला की ज्याला जेव्हा वेळ असेल तेव्हा तो बघेल. झोपेतसुद्धा पैसे येतील."

अनुभव खरा आहे, कल्पनाही चांगली आहे. गरज तर प्रचंड आहे. 'प्रथम'च्या 'असर' 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं होती 27 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चारातली तीन मुलं तिथे अडतात. यांना शिकवणाऱ्या शिक्षकाला चांगलं प्रशिक्षण मिळालं तर त्याला मागणी असणारच.

गडबड त्या "झोपेत पैसे" मध्ये आहे. आज त्याबद्दलच बोलू.

सेल्फ-पेस्ड म्हणजे काय, आणि लोक मधेच का सोडतात

सेल्फ-पेस्ड कोर्स म्हणजे ज्याला ठरलेली वेळ नाही. व्हिडिओ, पीडीएफ, प्रश्नमंजूषा सगळं तयार असतं. शिकणारा रात्री अकराला बघो नाहीतर रविवारी दुपारी. शिक्षकांना हे सोयीचं, कारण शाळा, पेपर तपासणी, घरचं सगळं सांभाळून ठरावीक वेळी लॉगिन करणं त्यांना जमत नाही.

पण सोय हीच त्याची खोटही आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन संस्थांच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसचा अभ्यास 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. 2017-18 मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते 3.13 टक्के. शंभरातले तीन! जगातल्या नावाजलेल्या संस्था, उत्तम प्राध्यापक, फुकट. तरी सत्त्याण्णव लोक मधेच उठून गेले. मात्र ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात पूर्ण करणारे 46 टक्के होते.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, फुकट देऊ नका. पैसे भरलेला माणूस जास्त टिकतो. (अर्थात जो मुळातच गंभीर असतो तोच पैसे भरतो, हेही त्यात आलंच.) दोन, पैसे भरूनही निम्म्याहून जास्त लोक सोडतात. आता तुम्ही म्हणाल, सोडू देत की, पैसे तर आले! मोठ्या कंपनीला हे परवडेल. तुम्हाला नाही परवडणार. तुमचा धंदा चालणार आहे एका ताईने स्टाफरूममध्ये दुसऱ्या ताईला सांगितल्यावर. जिने तिसऱ्या व्हिडिओलाच कोर्स सोडला, ती तुमची तक्रार करणार नाही, पैसेही परत मागणार नाही. ती फक्त कुणाला काही सांगणार नाही. आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही की धंदा कुठे थांबला.

म्हणून विकायचं काय, ते आधी नक्की करा. व्हिडिओ विकायचे नाहीत. तुमच्या ताईच्या वर्गातलं एक मूल काल शब्द वाचत होतं, आज परिच्छेद वाचतंय, हे विकायचंय. व्हिडिओ हे त्याचं फक्त पॅकिंग आहे.

आता मालाची ओळख: वाचनाबद्दल संशोधन काय सांगतं

जाहिरातीत "संशोधनावर आधारित" असं लिहायला सगळेच लिहितात. तुम्ही लिहिणार असाल तर निदान आतला माल माहीत हवा.

अमेरिकेत 2000 साली 'नॅशनल रीडिंग पॅनेल'चा अहवाल आला. वाचन शिकवण्यावरचे अभ्यास चाळून त्यांनी पाच गोष्टींवर बोट ठेवलं: बोलण्यातले सुटे ध्वनी ओळखता येणं, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड, वाचनाचा ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. तिथले शिक्षक-प्रशिक्षणाचे बहुतेक कोर्स आजही या पाचांभोवती फिरतात.

त्याआधीचं, 1986 मधलं एक सूत्र मला जास्त आवडतं, कारण ते आपल्यासारख्या हिशेबी लोकांना लगेच कळतं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी मांडलं की वाचून समजणं म्हणजे गुणाकार आहे: लिपी उलगडता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार! एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. दोन्ही बाजू अर्ध्या असतील तर हातात पाव येतो.

आता हे सूत्र घेऊन महाराष्ट्रात फिरून या. पुण्यातल्या मराठी घरातल्या मुलाला भाषा समजते, पण अक्षरं जुळवता येत नाहीत; तिथे पहिली बाजू लंगडी. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, पालघरमधलं वारली बोलतं. तिथे ताईने अक्षरं कितीही घोटून घेतली तरी "ओसरी", "नांगर" हे पुस्तकातले शब्द त्याच्या कानांना ओळखीचे आहेत का, हा प्रश्न राहतोच. आणि न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला? इंग्रजीमुळे वाचनाची सवय आहे, पण मराठी कानावर पडते ती फक्त आजीच्या व्हिडिओ कॉलवर. तिघांचाही शिक्षक तुम्हाला म्हणणार, "मुलं वाचत नाहीत हो." औषध मात्र तिघांचं वेगळं. हे ओळखायला शिकवणं, हा तुमच्या कोर्सचा पहिला धडा झाला पाहिजे.

इंग्रजी कोर्स उचलून मराठीत आणू नका

हा मोह फार होतो. इंग्रजीचे फोनिक्सचे क्लासेस आता तालुक्याच्या गावातही आहेत, त्यांचं साहित्य तयार मिळतं, करा भाषांतर! इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी कोर्स असेल तर ठीक. मराठीसाठी तो चालत नाही, कारण आपल्या लिपीची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे.

इंग्रजीत अक्षरं 26, पण एकाच अक्षराचे उच्चार अनेक. आपल्याकडे उच्चाराचा घोळ कमी, पण आकार किती! ळ धरून 34 व्यंजनं, त्यांची बाराखडी केली की 408 रूपं. जोडाक्षरं आणखी वेगळी. एकट्या 'र'चीच गंमत बघा: प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दऱ्या. चार शब्दांत चार रूपं. सूर्यमध्ये तर र आधी ऐकू येतो आणि लिहिला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पहिली वेलांटी उलटी: लिहायची आधी, बोलायची नंतर. मूल 'कि' वाचताना अडखळलं तर ते ढ नाही, लिपीच तशी आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीत अक्षरांचा पूर्ण साठा पक्का व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. त्यामुळे "15 दिवसांत अस्खलित वाचन" अशी पाटी दिसली की समजून जा.

आता शिकवण्याच्या क्रमाकडे या. परंपरेने आपण अ आ इ ई, मग क ख ग घ ङ, असं ज्ञपर्यंत जातो. मग बाराखडी. मग शब्द. वर्णमालेची रचना सुंदर आहे, तोंडात ध्वनी कुठून निघतो त्याप्रमाणे लावलेली. पण मुलाच्या पहिल्या महिन्यासाठी ती सोयीची नाही. कित्येक महिने मूल अक्षरं म्हणतं आणि एकही अर्थाचा शब्द वाचत नाही. शिवाय भ आणि म शेजारी, प आणि फ शेजारी. दिसायला सारखी अक्षरं लागोपाठ आली की गोंधळ ठरलेला.

दुसरा मार्ग अक्षरगटांचा. थोडीच अक्षरं घ्या आणि काना, वेलांटी पहिल्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर आणा. समजा म, क, ल आणि काना, एवढंच घेतलं. किती शब्द होतात मोजा: काका, मामा, लाल, काल, काम, माल, मका, मला, कमाल, मामाला, काकाला. "मामा, मला मका." हे वाक्य झालं! तीन अक्षरं आणि एका कान्यावर मुलाने वाक्य वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघितलं की शिक्षकालाही हुरूप येतो. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडे 'क्वेस्ट' ही संस्था सुरुवातीच्या वाचन-लेखनावर बरीच वर्षं काम करते आहे. मराठी आणि कन्नड मुलांच्या सुरुवातीच्या वाचनाचा तीन वर्षं माग ठेवणारा 'लिरिल' हा अभ्यासही, मराठीपुरता, वाडा तालुक्यातच झाला. त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. कोर्स काढायच्या आधी तो मिळवून वाचा. परदेशी पुस्तकांपेक्षा तो तुमच्या जास्त कामाचा आहे, आणि तुमच्या बहुतेक स्पर्धकांनी तो उघडलेलाही नसेल.

मिसिसिपीत काय झालं

मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग झालाय, म्हणून थोडं तिकडचंही सांगते. अमेरिकेतलं मिसिसिपी हे गरीब राज्य. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत 2013 साली त्याचे गुण होते 209, देशात जवळजवळ तळाला. त्याच वर्षी त्यांनी वाचनाचा कायदा केला आणि लहान वर्गांच्या शिक्षकांना 'लेटर्स' नावाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. लुइसा मोट्स या वाचनतज्ज्ञ बाईंचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. यात बराच भाग शिक्षकाने ऑनलाइन, आपल्या वेगाने करायचा असतो. 2019 ला राज्याचे गुण 219 झाले, म्हणजे थेट राष्ट्रीय सरासरीला.

हे ऐकून "बघा, ऑनलाइन कोर्सने केली कमाल" असं म्हणायचा मोह होईल. थांबा. त्याच काळात राज्याने सगळ्यात मागे असलेल्या शाळांमध्ये प्रशिक्षक पाठवले. ते वर्गात बसायचे, शिक्षकाबरोबर पाठ घ्यायचे, काय जमलं काय नाही ते सांगायचे. मुलांच्या चाचण्या वरचेवर होत होत्या. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला पुढे न ढकलण्याचा नियमही होता, आणि त्यावर वादही आहे. यातलं कोर्सचं श्रेय नेमकं किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड. पण धंद्याच्या नजरेने धडा स्वच्छ आहे: ज्यांच्याकडे सगळ्यात नावाजलेला कोर्स होता, त्यांनीही नुसत्या कोर्सवर भिस्त ठेवली नाही.

तुम्ही राज्य सरकार नाही. तुम्हाला प्रत्येक शाळेत माणूस पाठवता येणार नाही. पण त्या प्रशिक्षकाचं काम थोडं तरी करणारी एक स्वस्त गोष्ट तुमच्या खिशात आहे, व्हॉट्सॲप.

एक मॉड्यूल उलगडून बघू

समजा मॉड्यूलचं नाव आहे "अक्षरं येतात, शब्द येत नाही". प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात. पाटीवर 'कमळ' लिहिलं की म्हणतात "क... म... ळ..." आणि मग ताईच्या तोंडाकडे बघतात. ताई काय करते? घाई असते, वर्गात चाळीस पोरं असतात, ती सांगून टाकते, "कमळ!" मूल म्हणतं "कमळ". ताईला वाटतं आलं. आलेलं काहीच नसतं, मुलाने फक्त तिचं ऐकून म्हटलेलं असतं.

व्हिडिओत तुम्ही पीपीटीवर व्याख्या वाचून दाखवू नका. सात-आठ मिनिटांत हेच दृश्य दाखवा. शक्यतो खऱ्या मुलाबरोबर, अडखळण्यासकट. मग दाखवा की आपण बोलताना शेवटचा 'ळ' तोडून म्हणतो, त्यातला 'अ' गिळतो. क, मळ असे दोनच तुकडे ऐकू येतात. मूल तीन अक्षरांचे तीन पूर्ण उच्चार करतं, म्हणून जोडून ओळखीचा शब्द होत नाही. मग उपाय: आधी पाटीशिवाय, नुसतं तोंडी. "मी दोन तुकडे म्हणते, तू जोड. क... मळ. घर... टं." मग बोट अक्षरांखालून न थांबता सरकवायचं. आणि शब्द सांगायच्या आधी मनात पाच आकडे मोजायचे. हा पाच आकड्यांचा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण करायला सगळ्यात अवघड तोच.

व्हिडिओ इथे संपतो. आणि पुढचा व्हिडिओ लगेच उघडत नाही! इथेच तुमचा कोर्स इतरांपेक्षा वेगळा ठरतो. ताईने आपल्या दोन मुलांबरोबर हे करायचं, एक मिनिटाचं ऑडिओ रेकॉर्डिंग करायचं आणि तुम्हाला पाठवायचं. तुम्ही, नाहीतर तुमची सहकारी, ऐकून व्हॉइस नोट पाठवणार: "ताई, दुसऱ्या मुलाच्या वेळी तुम्ही तिसऱ्याच सेकंदाला शब्द सांगून टाकला. उद्या परत करून बघा." मग पुढचं मॉड्यूल उघडायचं. ताईने हे दोन दिवसांत केलं काय किंवा वीस दिवसांत केलं काय, वेग तिचा. पण मुलांबरोबर करून बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कोर्स फार लांबवू नका. सहा ते आठ मॉड्यूल पुष्कळ झाले. सुरुवातीला आणि शेवटी मुलांची छोटी चाचणी ठेवा. त्यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. 'असर'चं वाचनाचं साधन वर्षानुवर्षं वापरात आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं लागतात. ताईच्या हातात एक साधा कागद येतो, त्यावर बारा मुलांची नावं, आधी कुठे होती आणि आता कुठे आहेत.

हा कागद म्हणजे तुमचं मार्केटिंग. तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा.

पैसे कोण देणार?

सरकारी शाळेतला शिक्षक हा तुमचा पहिला ग्राहक नाही, हे आधीच सांगते. त्याच्यासाठी 'दीक्षा' पोर्टल आहे, 'निष्ठा'चं प्रशिक्षण आहे, मोफत आहे. निपुण भारत 2021 मध्ये सुरू झाल्यापासून पायाभूत वाचनावरचं साहित्यही तिथे भरपूर आलंय. त्याला वेतनश्रेणीसाठी जी प्रशिक्षणं लागतात ती सरकारी व्यवस्थेतूनच होतात, तुमचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. शिकायची हौस असलेले सरकारी शिक्षक येतीलही, आणि ते फार चांगले विद्यार्थी ठरतात, पण त्यांच्यावर हिशेब मांडू नका.

मग कोण? घरी शिकवणी घेणाऱ्या ताया. तिचा हिशेब करून बघा: बारा मुलं, महिना पाचशे, म्हणजे सहा हजार. तुमची फी 1,500 असेल तर ती तिच्या महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा. लहान रक्कम नाही ही! ती मोजण्याआधी ती नवऱ्याला विचारेल, बहिणीला विचारेल. तिला त्या बदल्यात असं काहीतरी मिळालं पाहिजे जे ती पालकांना दाखवू शकेल. वरचा कागद तिला ते देतो. दोन नवीन मुलं त्यामुळे आली तर दीड-दोन महिन्यांत फी वसूल.

दुसरे ग्राहक छोट्या खाजगी शाळांचे संस्थाचालक. एका दमात आठ-दहा शिक्षक मिळतात. फक्त सावध राहा: पैसे संस्थेने भरले की शिक्षकाला तो वरून लादलेला कोर्स वाटतो आणि गळती वाढते. अशा वेळी शाळेतलीच एखादी उत्साही शिक्षिका निवडून तिला गटप्रमुख करा, तिची फी घेऊ नका.

तिसरे आपल्याला पटकन सुचत नाहीत. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा. तिथे शिकवणारे बहुतेक पालकच असतात. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा बाबा रविवारी बाराखडी शिकवतो, मनापासून शिकवतो, पण कुणी त्याला कसं शिकवायचं ते सांगितलेलं नसतं. वेळेच्या फरकामुळे लाइव्ह क्लास अवघड, म्हणून सेल्फ-पेस्ड त्यांना खरोखर लागतो. मात्र त्यांच्या मुलांची अडचण गुणाकाराच्या दुसऱ्या बाजूची आहे, त्यामुळे तोच कोर्स जसाच्या तसा देऊ नका. बोलण्याच्या आणि शब्दांच्या मॉड्यूलवर भर द्या.

हिशेब मांडू

चाळीस जणींची बॅच धरू, फी 1,500. जमा 60,000. पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी, गेले 1,416. सहा रेकॉर्डिंग प्रत्येकीची, प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे वीस तास ऐकण्याचं काम. सहकारी ताईला तासाला 250 दिले तर 5,000. जाहिरात 8,000 धरू. उरले 45,584. पहिल्या बॅचला माइक, लाइट, एडिटिंग मिळून 12,000 गेले असं समजा, म्हणजे हातात 33,584. आणि तुम्ही स्वतः घातलेले तास? प्रामाणिकपणे मोजा. 120 तास लागले असतील तर तासाला 280 रुपये पडले.

यात झोपेतले पैसे कुठेच दिसत नाहीत. पण दुसऱ्या बॅचला तो 12,000 चा खर्च नाही, तुमचे तास तीसवर येतात, आणि तोच आकडा तासाला दीड हजारांवर जातो. धंदा तिथे आहे. म्हणून पहिली बॅच वीस जणींचीच झाली तरी हरकत नाही, पण त्या वीस जणी शेवटपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. आकडे माझे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

जीएसटीचं: सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा नोंदणी लागत नाही, वर गेलात की ऑनलाइन कोर्सवर 18 टक्के. परदेशातून पैसे येणार असतील तर सीएला आधी भेटा, नंतर नाही.

चार ठिकाणी पाय घसरतो

प्रमाणपत्रावर "शासनमान्य" लिहू नका, तशी मान्यता हातात नसेल तर. "सहभाग प्रमाणपत्र" लिहा, तेवढंच खरं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाची संधी असावी असं म्हटलंय. त्याचा हवाला देऊन "आमचे तास त्यात धरले जातील" असं परस्पर सांगणारे लोक आहेत. त्यांच्यात जाऊ नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे.

मुलांच्या रेकॉर्डिंगबाबत फार काटेकोर राहा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. फक्त आवाज घ्या, नाव नको, आडनाव नको, पालकांची लेखी संमती ताईकडे असू दे, आणि अभिप्राय दिल्यावर फाइल पुसून टाका. कुठल्याही मुलाचं अडखळत वाचणं तुमच्या जाहिरातीत येता कामा नये, पालकांनी हो म्हटलं तरीही. ते मूल उद्या मोठं होणार आहे.

साहित्य उचलताना पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून कोर्समध्ये घालू नका, त्यावर हक्क आहेत. गोष्टी हव्या असतील तर 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' बघा. तिथल्या मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव आणि परवाना नीट दिला की सशुल्क कोर्समध्येही वापरता येतात. प्रत्येक गोष्टीखालचा परवाना मात्र वाचून घ्या.

आणि डिस्लेक्सियाचं निदान करायला जाऊ नका. कोर्स केलेली ताई तुम्हाला विचारणारच, "या मुलाला तेच आहे का?" उत्तर एकच: दोन-तीन महिने नीट शिकवूनही मूल जागचं हललं नाही, तर पालकांना तज्ज्ञांकडे पाठवा. निदान हे तुमचं काम नाही आणि तिचंही नाही.

सुरुवात कुठून कराल?

कॅमेरा नका घेऊ अजून. ओळखीच्या तीन शिक्षिका गाठा. वर सांगितलेलं 'कमळ'चं मॉड्यूल मोबाइलवरच, एका टेकमध्ये, रेकॉर्ड करा आणि त्यांना पाठवा. फी फक्त शंभर रुपये घ्या, पण घ्या. दहा दिवस थांबा. तिघींपैकी किती जणींनी मुलांचं रेकॉर्डिंग पाठवलं ते मोजा. एकीनेही पाठवलं नाही तर फोन करून विचारा, कुठे अडलं: वेळ नव्हता, रेकॉर्डिंगचं कळलं नाही, की व्हिडिओच शेवटपर्यंत बघितला नाही? उत्तर मिळेल तसं मॉड्यूल बदला आणि आणखी तिघींना पाठवा. दोघींची रेकॉर्डिंग आली की दुसरं मॉड्यूल करायला घ्या.

रेकॉर्डिंगवर अभिप्रायाची व्हॉइस नोट कशी द्यायची, म्हणजे समोरच्या ताईला टोचणार नाही पण मुद्दा पोहोचेल, हे पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष करून दाखवते.